ब्राह्मी दरवर्षी चवथीच्या तोंडावर मधोमध का सडते?

मे महिन्यात कुंडी गच्च भरलेली असते, कडेवरून शेंडे खाली लोंबत असतात, पांढरी-जांभळट फुलं डोकावत असतात. येणारा-जाणारा विचारतो, काय घालतेस गं हिला? आणि आमच्या गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान जमवायची धावपळ सुरू होते तेव्हा त्याच कुंडीत मधोमध बशीएवढं काळं टक्कल पडलेलं असतं. कडेचे चार-सहा शेंडे तेवढे जिवंत. दिवाळीनंतर नवीन रोप आणायचं, पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

माझ्याकडे ओळीने चार वर्षं हे झालं. पहिल्या वर्षी वाटलं, पाणी जास्त झालं. दुसऱ्या वर्षी कुंडी पावसातून उचलून पडवीत ठेवली, तर सडली नाही पण दोऱ्यासारखी लांबट झाली आणि आडवी पडून मेली. तिसऱ्या वर्षी दुकानदाराने दिलेलं बुरशीनाशक मारलं आणि मग भान आलं, की ही पानं आपण खातो. चौथ्या वर्षी काहीच केलं नाही. ती तेव्हाही सडली.

उत्तर मिळालं ते सासूबाईंकडून. त्यांचं माहेर फोंड्याकडच्या सावईवेऱ्याचं, कुळागरवाल्यांचं, म्हणजे माड-पोफळीच्या बागवाल्यांचं. त्यांनी कुंडीवर नजर टाकली, पानांच्या गादीखाली बोटं घातली आणि म्हणाल्या, "अगं, ही चालणारी. हिला तू एका जागी बसवून ठेवलंयस." त्या कुळागरातल्या पाटाच्या कडेच्या ब्राह्मीबद्दल बोलत होत्या. तिथे ती दरवर्षी हातभर पुढे सरकते आणि मागचा भाग आपोआप विरळ होतो. तिथे कुणी ना औषध मारतं ना खत घालतं.

पण त्यावर येण्याआधी तुमच्याकडे आहे ती ब्राह्मीच आहे ना, ते बघा. मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे ती नसते.

आधी पान बघा

बाजारात ब्राह्मी म्हणून दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात. एक खरी नीरब्राह्मी, शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी. हिची पानं नखाएवढी, जाडसर, चमच्याच्या आकाराची, देठ जवळजवळ नाहीच, बुडाशी निमुळती आणि टोकाशी गोल. पानं समोरासमोर जोडीने येतात. दांडी रसदार, चिमटली तर पाणी सुटतं. फूल पानाच्या बेचक्यातून बारीक दांडीवर वर येतं. चव इतकी कडू की एक पान चावलं तरी तोंड बराच वेळ कडू राहतं.

दुसरी मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. मराठीत कारिवणा, आपल्याकडे कोंकणीत एकपानी. हिचं पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडा करवतलेल्या, आणि प्रत्येक पान स्वतःच्या लांब देठावर छत्रीसारखं उभं. फुलं इतकी बारीक आणि जमिनीलगत, की खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत. चव तुरट, थोडी कडू, चटणीला चालण्यासारखी.

दोन्ही औषधी, दोन्ही बुद्धीसाठी सांगितलेल्या. गंमत अशी, की चरकाने जी चार मेध्य रसायनं मोजली त्यात मंडूकपर्णी आहे, यष्टिमधु, गुळवेल आणि शंखपुष्पी आहे, ब्राह्मी नाही. त्यामुळे कुणाच्या घरात कोणत्या झाडाला ब्राह्मी म्हणतात यावर मी भांडत नाही. भांडण लागतं ते निगा राखताना. नीरब्राह्मीला ऊन हवं, दिवसाला पाच-सहा तास तरी. एकपानीला सावली हवी, माडाखालची, पोफळीखालची. 'माझी ब्राह्मी उन्हात करपते' म्हणून कुणी सांगितलं, की मी आधी पानाचा फोटो मागते. बहुतेक वेळा छत्री निघते. मलाही म्हापशाच्या बाजूच्या एका रोपवाटिकेने पहिल्यांदा एकपानीच दिली होती, वर 'ब्राह्मी' अशी पाटी लावून. मी ती दोन महिने गच्चीवर भाजली.

कुंडीत आपोआप उगवणारी घोळ आणि रतोलिया हीही लांबून ब्राह्मीसारखीच दिसतात. घोळीची दांडी लालसर आणि फूल पिवळं. रतोलियाच्या पानांना टोकाकडे दाते असतात आणि फुलांचा गेंद काडीपेटीतल्या काडीच्या टोकासारखा. रतोलिया दिसली की लगेच उपटा. ती ब्राह्मीपेक्षा चिवट आहे.

आता पुढे जे लिहिते ते नीरब्राह्मीबद्दल.

टक्कल कसं पडतं

एक करून बघा. टक्कल सुरू होतंय असं वाटेल तिथून एक दांडी मुळापर्यंत सोडवून काढा. खेचू नका, गादीतून हळूच मोकळी करा. शेंड्याकडची आठ-दहा सेंटिमीटर हिरवी, ताठ. त्यातल्या प्रत्येक पेऱ्याला केसांसारखी पांढरी मुळं. त्याखाली पानं पिवळी, मग गळलेली. आणि अगदी खाली दोन-तीन बोटं दांडी काळी. ती चिमटीत धरून ओढली, की साल निसटून हातात येते आणि आत पांढरट दोरा उरतो. वास घ्या. काथ्यासाठी पाण्यात कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांसारखा येतो.

आता त्या पांढऱ्या मुळांकडे नीट बघा, खरी गोम तिथेच आहे. ती मातीत नसतात. खालच्या मेलेल्या दांड्यांच्या चोथ्यात असतात. वर्षभर न कापलेली ब्राह्मी स्वतःच्याच अंगावर चढत जाते. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. खालच्याला ऊन मिळत नाही, तो पानं टाकतो. वरचा थर खालच्या कचऱ्यात मुळं सोडतो. मेपर्यंत हे खपून जातं, कारण ऊन असतं आणि चोथा वरून सुकलेला असतो. मग मृग लागतो. गोव्यात वर्षाचा साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चोथा चार महिने भिजलेला राहतो, आभाळामुळे वरची पानं कमजोर होतात, आणि कूज खालून वर चढते. मधला भाग सगळ्यात जुना आणि सगळ्यात जाड, म्हणून टक्कल मधोमध. कडेचे शेंडे वाचतात, कारण ते ताजे असतात आणि वाऱ्यावर असतात.

म्हणजे पाण्याने ती मरत नाही. हे ठासून सांगते, कारण पाणी कमी करा हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो या झाडापुरता चुकीचा आहे. ब्राह्मी मत्स्यालयात पूर्ण बुडवूनही वाढवतात. खाजन जमिनीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात), मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) ओल्या कडेला, मचूळ पाण्यातही ती तग धरते. तिला मारतो तो स्वतःचा जुना चोथा.

पागोळ्याही यात भर घालतात. कौलारू घराच्या वळचणीखाली कुंडी असेल तर ती आजच हलवा. एकाच ठिकाणी महिनाभर धार पडली, की मातीला खड्डा पडतो, तांबडी माती पानांवर उडून बसते आणि पानं गुदमरतात. माझ्या कुंडीतल्या टकलाच्या बरोब्बर वर नळ्याचं, म्हणजे कौलाचं, टोक होतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

उपाय

कापायचं. एवढंच. पण वेळेवर, आणि मन घट्ट करून.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाच्या आधी, सगळी गादी कात्रीने जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरवर कापा. बोडकी दिसेल. घरचे म्हणतील, मारलीस की काय. गप्प बसा, पंधरा दिवसांत हिरवी होते. त्याच वेळी मधोमध जुन्या सुरीने वाटीएवढा गोल कापून चोथ्यासकट उचलून टाका. त्या खड्ड्यात नवी माती भरा आणि कापलेल्यातलेच पाच-सहा शेंडे तिथे लावा. मधला भाग आता सगळ्यात तरुण झाला, कूज सुरू व्हायला काही उरलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास दोन दिवस उघडीप मिळाली, की पुन्हा हलकी छाटणी करा. या वेळी बोडकी करायची नाही, वरवरची एक तृतीयांश. ओल्या पावसात कापू नका, कापलेल्या टोकांतून कूज शिरते.

तुळशीचं लग्न झालं की तिसरी आणि मोठी कामगिरी: सगळी उपटून नव्या मातीत नवी लागवड. दरवर्षी. जुनं रोप टिकवायचा मोह सोडा. सात-आठ सेंटिमीटरचे शेंडे घ्या, तीन-चार पेरी असलेले. खालच्या दोन पेऱ्यांची पानं काढा. उभे खोचायचे नाहीत. आडवे झोपवा, खालची पेरी मातीत दाबा, शेंडा वर मोकळा. दोन शेंड्यांत दहा सेंटिमीटर अंतर. उबदार हवेत आठवड्याभरात मुळं धरतात आणि महिना-दीड महिन्यात जागा भरून जाते.

याच वेळी चार शेंडे काचेच्या पेल्यात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. बाहेर काहीही झालं तरी हा पेला तुमचा विमा. माझा पेला ताटाळ्याशेजारी असतो आणि भांडी घासणाऱ्या बाईने तो दोनदा ओतून टाकलाय, म्हणून आता दोन पेले ठेवते.

कशात लावायची

कुंडी सोडून द्या. खोल कुंडी या झाडाला शिक्षा आहे, मुळं वीतभरही खाली जात नाहीत आणि पसरायला जागा नाही. आपल्याकडे मासळी बाजारात थर्माकोलचे खोके पैशाला पासरी मिळतात. रुंद आणि उथळ. स्वच्छ धुवून घ्या. थोडा खारटपणा राहिला तरी ब्राह्मी कुरकुरत नाही, मांजर मात्र आठवडाभर खोक्याभोवती घुटमळतं.

भोक तळाला पाडू नका. बाजूला पाडा, तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर, दोन ठिकाणी. म्हणजे खाली थोडं पाणी साचून राहील आणि जादाचं वाहून जाईल. तळाला एक तिसरं भोक पाडून त्याला बूच मारून ठेवा. उन्हाळ्यात बूच बंद. मृग लागला की बूच काढायचं आणि खोकं दोन जांभ्या दगडांवर उचलून ठेवायचं, म्हणजे पाणी खालून मोकळं निघतं.

माती साधी: दोन भाग परसातली तांबडी माती, एक भाग पोफळीखालची कुजलेली पालापाचोळ्याची माती, एक भाग रेती. आपली जांभ्याची माती थोडी आम्ल असते, ब्राह्मीला ते चालतं. शेणखत जुनं, भुसभुशीत, वास न येणारं असेल तरच, आणि तेही मूठभर. ओलं शेण किंवा अर्धवट कुजलेलं खत साचलेल्या पाण्यात गेलं, की आत आंबतं आणि मुळं काळी पडतात. याने मेलेल्या ब्राह्मीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. सोडणांचा वास वेगळा, हा वेगळा. पहिल्याला छाटणी हवी, दुसऱ्याला नवी माती.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

पेऱ्यांमधलं अंतर वाढलं, दांड्या पिचक्या झाल्या: ऊन कमी. पावसाळ्यात थोडं होणारच, पण पडवीत ठेवलेली असेल तर बाहेर काढा. तिला पावसापासून वाचवू नका, पागोळीपासून वाचवा.

जुनी, खालची पानं आधी पिवळी: सततच्या पावसाने मातीतलं नत्र धुऊन गेलं. शेणखताचं पाणी पातळ करून एकदा द्या. नवी, वरची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या: नव्याने बांधलेल्या सिमेंटच्या टाकीत लावली आहे का? नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि झाडाला लोह घेता येत नाही. टाकी दोन-तीन आठवडे पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून धुवा, मगच लावा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी मान टाकते: काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये असेल तर मुळं शिजतात. ब्राह्मीला उष्णता आवडते, पण पाय थंड हवेत. ट्रे जमिनीवर आणा, भोवती सोडणं रचा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी थोडं मचूळ झालं म्हणून घाबरू नका, ती अबोली नव्हे.

पानं रात्रीत गायब, सकाळी चकाकणारी रेघ: गोगलगाय. पावसाळ्यात रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा, सापडते. मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय उघड्या हाताने उचलू नका. तिच्यात मेंदूपर्यंत पोचणाऱ्या जंतांच्या अळ्या असू शकतात. हातमोजा किंवा चिमटा वापरा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ कुंडीत नको. संध्याकाळी पपईची पानं खोक्याशेजारी ठेवली तर त्याखाली जमतात, सकाळी गोळा करता येतात. आणि याच कारणासाठी पावसाळ्यात ब्राह्मी कच्ची खायची असेल तर पान न पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मी तर जुलै-ऑगस्टमध्ये कच्ची खातच नाही, तेलाला वापरते.

कुठे लावायची नाही

न्हाणीच्या पाण्यावर. जुन्या घरांत न्हाणीघराच्या मागे अळू आणि ब्राह्मी असायची, खरं आहे, पण तेव्हा न्हाणीतून शिकेकाईचं पाणी यायचं. आता कपड्यांची पावडर येते. ब्राह्मी पाण्यातले जड धातू शोषून साठवण्यात इतकी तरबेज आहे, की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा अभ्यास झालेला आहे. कॅडमियम, शिसं, क्रोमियम ती आत घेते आणि दिसायला हिरवीगारच राहते. म्हणून गटाराकाठची, रस्त्याकडेच्या नाल्यातली, डिचोली-सांगे पट्ट्यात खाणीच्या खंदकातली किंवा तांबड्या गाळाच्या ओहोळातली ब्राह्मी कितीही तरारलेली असली तरी खाण्यासाठी किंवा तेलासाठी आणू नका. लागवडीला शेंडे आणायचे असतील तर आणा, पण स्वच्छ मातीत लावून पहिली कापणी टाकून द्या आणि त्यानंतरची वापरा.

खाण्याबद्दल एकच. उपाशीपोटी घेतली तर मळमळ आणि पोटात कळ येते, मलाही आली आहे. थायरॉइडच्या, फिटच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. 'घरचंच आहे, त्याने काय होतंय' हे वाक्य इथे चालत नाही.

कापलेल्याचं काय करायचं

मेच्या कापणीत परातभर निघते. सावलीत, सुपात पसरून सुकवली की मूठभर उरते. मी अर्धी ओलीच तेलाला वापरते. त्यात लोक एक चूक हमखास करतात: ओली पानं तेलात टाकून बाटली उन्हात ठेवतात आणि आठवड्याने वर पांढरी बुरशी येते. पानं वाटून खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवा आणि कान द्या. पानांत पाणी आहे तोवर तेल चरचरतं. चरचर थांबली, पानं काळपट होऊन कुरकुरीत झाली, की पाणी संपलं. लगेच उतरवा, कोमट असताना गाळा. चरचर थांबायच्या आत उतरवलं तर बुरशी, फार उशिरा उतरवलं तर करपट वास. सासूबाई त्यात माका आणि जास्वंदीची पानं घालतात. मी घालत नाही, त्यावर आमचं एकमत व्हायचं आहे.

यंदा चवथीला माझी दोन खोकी भरलेली होती. तिसऱ्या खोक्याचं बूच मृगाला काढायचं राहून गेलं होतं. त्यात टक्कल पडलं, रुपयाएवढं.